मातीची साक्ष

इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याची एक खोड अशी असते कीं, ज्या गोष्टीचा कागद उपलब्ध आहे तेवढीच गोष्ट घडली असें तो हळूहळू मानूं लागतो. कागद बोलतो, शिलालेख बोलतो, नाणेंही बोलतें. परंतु ज्या हातांनीं तो कागद लिहिला, ती शिला खोदली अथवा तें नाणें पाडलें, ते हात मुके असल्यामुळें त्यांची साक्ष काढण्याचें आम्हांस सहसा सुचत नाहीं. ह्या दोषापासून आम्ही स्वतः अलिप्त होतों असें म्हणण्याचें धाडस आमच्यानें होत नाहीं. किंबहुना प्रस्तुत लेख हा त्या दोषाचा कबुलीजबाबच आहे असें वाचकांनीं समजावें.

अर्वाचीन महाराष्ट्राचा इतिहास शिकवितांना मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचा विषय दरवर्षीं येतो, आणि त्यावर आमचें एक ठरलेलें व्याख्यान आहे. त्याचें सार थोडक्यांत असें: इंग्रजांनीं येथें कलाशाळा काढली, तींत ग्रीक व रोमन पुतळ्यांचे प्लॅस्टरचे नमुने आणून मांडले, आमच्या मुलांस त्यांची नक्कल करावयास लाविलें, आणि त्या नकलेच्या पायीं आमच्या शिल्पाची देशी परंपरा तुटली. हीं चार वाक्यें विद्यार्थ्यांच्या वह्यांतून वीस वर्षें उतरत आलीं आहेत, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून तीं आमच्याकडे परत आलीं आहेत, आणि आम्हीं त्यांस गुणही दिले आहेत. त्यांपैकीं पहिलीं तीन वाक्यें खरीं आहेत. चौथ्याविषयीं आमचा निश्चय गेल्या उन्हाळ्यांत ढळला. आणि तो कोणत्याही नव्या ग्रंथानें नव्हे, तर सुमारें अर्धा मण चिकणमातीनें ढळविला.

झालें असें कीं, सुटींत कोंकणांतील एका गांवीं मनुष्याकृति मातींत घडविण्याचें दहा दिवसांचें एक शिबिर भरणार असल्याचें आम्हांस समजलें. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें तेथें जाण्याचें वस्तुतः कांहीं प्रयोजन नव्हतें. परंतु ज्या विद्येविषयीं आपण इतकीं वर्षें अधिकारवाणीनें बोलत आलों, तिला एकदां तरी हात लावून पाहावा, अशी इच्छा झाली व आम्ही गेलों. आमच्यासह अकरा जण होते: कांहीं कलाशाळेचे विद्यार्थी, दोन चित्रकला-शिक्षक, एक दांतांचे डॉक्टर, आणि पेणकडील एका गणपतीच्या कारखान्यांत लहानपणापासून काम करणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा. सकाळीं आठ वाजतां काम सुरू होई व दिवेलागणीस संपे. मध्यें जेवणास तेवढी उसंत. शिकविणारे गृहस्थ साठीच्या घरांतील होते. सर्वजण त्यांस मास्तर म्हणत, आणि ते थोडें बोलत.

पहिला दिवस माती मळण्यांत व सांगाडा करण्यांत गेला. ज्यांनीं हें काम पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे कीं, ओली माती स्वतःच्या पायांवर उभी राहूं शकत नाहीं. बसलेला गणपति राहतो, कारण त्याचें सर्व वजन पाटावर बसलेलें असतें. परंतु उभा मनुष्य दोन घोट्यांवर तोलावयाचा म्हणजे आंत लोखंडी गज व तारा हव्यात. ह्या तारा हाडांसारख्या वांकवून, गजाला बांधून, त्यांवर माती धरून राहावी म्हणून लांकडाच्या लहान लहान फुल्या टांगतात. मग त्यावर माती चढवावयाची. समोर चौथऱ्यावर एक तरुण एका पायावर भार देऊन उभा राहिला होता. आमची आकृति दीड फूट उंचीची व्हावयाची होती. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत तिला मनुष्याचें रूप आलें असें आम्हांस वाटलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ओलीं फडकीं काढून पाहतों तों उजव्या कमरेंतून तार बाहेर आलेली! आम्हीं वर माती लाविली. तार झांकली, परंतु कमर सुजल्यासारखी दिसूं लागली. पुन्हा काढली, पुन्हा लाविली. मास्तर बराच वेळ मागें उभे होते. शेवटीं म्हणाले, "साहेब, सांगाडाच चुकला आहे. वरून माती लावून ती चूक झांकत नाहीं, फुगते."

मूळ दोष असा होता: मनुष्य एका पायावर भार देतो तेव्हां त्या बाजूची कंबर वर चढते, दुसरी खालीं येते, खांदे उलट बाजूस कलतात, आणि कंठाखालची खळी बरोबर भार घेतलेल्या पायाच्या रेषेंत येते. ओळंबा धरून पाहिल्यास हें कोणासही दिसतें. आम्हीं मात्र सांगाडा करतांना समोरच्या मनुष्याकडे पाहिलेंच नव्हतें. मनुष्य कसा असतो हें आपणांस ठाऊक आहे अशा समजुतीनें दोन्ही खांदे व दोन्ही कमरा समांतर बांधल्या होत्या. चौथ्या दिवशीं आम्हीं सर्व माती उतरविली व तारा नव्यानें बांधल्या.

ह्याच सुमारास मापांचा प्रश्न निघाला. मास्तरांनीं मस्तकाच्या उंचीनें शरीर मोजावयास शिकविलें: साडेसात किंवा आठ मस्तकें म्हणजे एक मनुष्य. तेव्हां पेणकडील तो मुलगा म्हणाला कीं, आमच्याकडेही तोंडाच्या मापानेंच मूर्ति धरतात. त्याचें म्हणणें अगदीं यथार्थ होतें. आमच्या शिल्पग्रंथांत हनुवटीपासून केशरेषेपर्यंतच्या मुखास ताल म्हणतात; एका तालाचीं बारा अंगुळें, आणि नवताल मूर्ति म्हणजे एकशें आठ अंगुळांची. एकानें केशरेषेपर्यंत मोजलें, दुसऱ्यानें टाळूपर्यंत मोजलें; एकक मात्र दोघांचेंही मनुष्याचें मस्तकच. 'माप आमचें व निरीक्षण त्यांचें' अशी जी विभागणी आम्ही वर्गांत करीत असूं, ती येथें प्रथम डळमळीत झाली. इ. स. पूर्व पांचव्या शतकांत पॉलिक्लीटस नांवाच्या ग्रीक शिल्पकारानें शरीराच्या प्रमाणांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता हें आम्हांस पाठ होतें. अजिंठ्याच्या भिंतींवरील देहांचे बांक कोणीतरी डोळे उघडे ठेवून पाहिल्यावांचून काढलेले नाहींत, हेंही आम्हांस ठाऊक होतें. परंतु हीं दोन ज्ञानें आमच्या डोक्यांत निरनिराळ्या कप्प्यांत पडलेलीं होतीं.

आतां मूळ शाळेकडे वळूं. १८५३ मध्यें सर जमशेटजी जीजीभाई यांनीं एक लक्ष रुपयांची देणगी देऊं केली आणि १८५७ च्या मार्च महिन्यांत वर्ग सुरू झाले. आरंभीं शाळेचा उद्देश हुन्नरी कारागीर तयार करण्याचा होता. शिल्पकार म्हणून नांवारूपास येणारीं माणसें तेथून निघावींत असें कोणाच्या फारसें मनांत नव्हतें. १८६५ मध्यें जॉन लॉकवुड किपलिंग हे स्थापत्यशिल्पाचे शिक्षक म्हणून मुंबईस आले. त्यांचा मुलगा रुड्यार्ड हा पुढें ग्रंथकार म्हणून प्रसिद्धीस आला. तो त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईंत जन्मला. बापाचें नांव मुलाच्या कीर्तीखालीं दडपून गेलें असलें तरी मुंबईकरांस त्यांचें काम रोज दिसतें. १८६९ मध्यें पुरा झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर जीं उठावाचीं शिल्पें आहेत तीं त्यांचीं. १८७५ मध्यें किपलिंग लाहोरच्या शाळेवर गेले. पुढें १८७८ ते १८८८ ह्या काळांत बोरीबंदरचें टोलेजंग स्टेशन उभें राहिलें, तेव्हां त्यावरील पानें, फुलें, पशुपक्षी व मुखवटे यांच्या नक्षीकामास ह्याच शाळेचे विद्यार्थी लागले. त्या वेळीं शाळेचीं सूत्रें ग्रिफिथ्स यांच्याकडे होतीं. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करून घेणारे ग्रिफिथ्स ते हेच. ह्या इमारतीच्या शिल्पकामाचें वर्णन करतांना आम्ही वास्तुविशारद स्टीव्हन्सचें नांव सांगतों, ग्रिफिथ्सचें सांगतों. ज्या हातांनीं तीं पानें कोरलीं, त्यांचें एकही नांव आमच्या व्याख्यानांत कधीं आलें नाहीं.

शाळेच्या विद्यार्थ्यांतून पहिलें मोठें नांव पुढें आलें तें गणपतराव काशिनाथ म्हात्रे यांचें. १८९६ मध्यें, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं, त्यांनीं 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा प्लॅस्टरमध्यें केला. पूजेला निघालेली एक महाराष्ट्रीय तरुणी, अंगावर लुगडें, पाऊल पुढें पडण्याच्या बेतांत. शाळेंत उघड्या देहावरून अभ्यास करण्याचा वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १९१९ नंतर, सुरू झाला हें लक्षांत घेतलें म्हणजे वीस वर्षांच्या ह्या मुलानें लुगड्याच्या चुण्यांखालीं चालणारा देह कसा ओळखला असेल याचें आश्चर्य वाटतें. सर जॉर्ज बर्डवुड यांनीं विलायतेंतील नियतकालिकांत त्या कृतीची मुक्तकंठानें स्तुति केली. रवींद्रनाथ ठाकुरांनीं १८९८ मध्यें तिच्यावर बंगालींत लेख लिहिला. आणि येथूनच तो प्रसिद्ध वाद पेटला, ज्याचा धूर आमच्या व्याख्यानापर्यंत येऊन पोंचला आहे.

वादाचे पक्ष असे होते. बर्डवुड हे मुंबईंत दीर्घकाळ राहिलेले, आमच्या हस्तकौशल्याचे चाहते. परंतु हिंदुस्थानांत उच्च प्रतीची शिल्पकला अशी नव्हतीच, असें त्यांचें मत. १९१० मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्यें हॅवेल यांचा निबंध झाला, तेव्हां अध्यक्षपदावरून बोलतांना त्यांनीं जावा बेटांतील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीस चरबी घालून उकडलेल्या पुडिंगाची उपमा दिली. त्यावर विलायतेंतीलच कित्येक कलावंतांनीं वर्तमानपत्रांत निषेध प्रसिद्ध केला व त्याच वर्षीं इंडिया सोसायटी स्थापन झाली. उलट पक्ष हॅवेल यांचा. त्यांच्या मतें हिंदी शिल्पाचा आत्मा ध्यानांत आहे, आणि मुंबईच्या शाळेंत शिकविली जाते ती परक्यांची नक्कल. म्हणजे एकानें म्हात्र्यांना डोक्यावर घेतलें आणि बुद्धाला लाथाडलें. दुसऱ्यानें बुद्धाला वंदन केलें आणि म्हात्रे ज्या शाळेंत वाढले ती शाळाच त्याज्य ठरविली. आमचें व्याख्यान हें ह्या दुसऱ्या पक्षाचें मराठी भाषांतर होय, हें आम्हांस त्या शिबिरांत, मातीनें माखलेल्या हातांनीं चहाचा पेला धरला असतां, एकदम उमगलें.

कारण ह्या वादाच्या पुढाऱ्यांचा सारा भर सिद्धांतावर होता. ह्याच काळांत पॅरिसमध्यें ज्याचा सारा जन्म मातींत बोटें घालण्यांत गेला असा एक मनुष्य होता: ऑग्युस्त रोदँ. एका बेल्जियन शिपायास समोर उभें करून घडविलेला एक पुतळा त्यानें १८७७ मध्यें प्रदर्शनांत मांडला, तेव्हां तो इतका हुबेहूब उतरलेला दिसला कीं जिवंत देहावरून सांचा काढल्याचा आळ त्याच्यावर आला. निरीक्षणाच्या कलेचा ह्याहून मोठा प्रतिनिधि कोण सांगावा? त्याच रोदँनें म्हातारपणीं, १९१३ मध्यें, मद्रासच्या संग्रहालयांतील नटराजाचीं छायाचित्रें पाहून त्यावर भारावून जाऊन निबंध लिहिला. तो १९२१ मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानांत आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या विद्वानास जें दिसलें नाहीं तें हिंदुस्थान कधींही न पाहिलेल्या कारागिरास नुसत्या छायाचित्रांत दिसलें. ह्याचें कारण आम्हांस आतां असें वाटतें कीं, चोळ काळांतील तो नटराज आधीं मेणांत घडला होता, आणि मऊ द्रव्यावर दाबलेला अंगठा दुसऱ्या अंगठ्यास ओळखतो. तेथें पूर्व व पश्चिम हा प्रश्न उद्भवत नाहीं.

परंतु आमच्या चौथ्या वाक्याचें खरें खंडन दूर पॅरिसमध्यें शोधण्याचें कारण नाहीं. तें अलिबागेजवळ सासवने गांवीं आहे. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म तेथें १८९१ मध्यें झाला. घरीं गणपतीच्या मूर्ति करण्याचें काम चाले. म्हणजे शाडू मळणें, मूर्तीची ठेवण, सोंडेचें वळण, बोटांचीं पेरें हीं त्यांच्या हातांत अक्षरओळख होण्याच्या वयांतच बसलीं असलीं पाहिजेत. गांवच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनीं काढलेलें शिवाजी महाराजांचें चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें आणि त्यांच्या साह्यानें करमरकर मुंबईच्या ह्याच शाळेंत दाखल झाले. पुढें ते कलकत्त्यास राहिले, विलायतेस जाऊन तेथील रॉयल अकॅडमींतही शिकले, आणि परत आल्यावर पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांनीं घडविला. त्या स्मारकाचा संकल्प कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा. १९२२ मध्यें त्यांचा अंत झाला, आणि पुतळ्याचें अनावरण १९२८ मध्यें झालें.

आमच्या व्याख्यानाच्या हिशेबानें पाहिलें तर करमरकर हे तुटलेल्या परंपरेचे उत्तम उदाहरण ठरावयास हवेत: गणपतीच्या कारखान्यांतून उचलून परक्या शाळेंत घातलेला मुलगा. परंतु सासवने येथें त्यांचें घर आज शिल्पालय म्हणून जपलेलें आहे. तेथें जाऊन पाहावें. 'शंखध्वनि' पाहावा, कोळीण पाहावी, साध्या सिमेंटांत घडविलेलीं गांवचीं माणसें पाहावींत. कोठें तुटलें आहे? विलायती शाळेंतून हा मनुष्य ग्रीक देवता घेऊन परतला नाहीं. आपल्याच आळींतील कोळणीच्या खांद्याचा उतार पाहण्याची दृष्टि घेऊन परतला. ज्या हातास देव येत होता त्या हातास शाळेनें शेजारी दाखविला, इतकेंच.

हें 'इतकेंच' किती कठीण आहे तें आम्हीं त्या पेणकडील मुलाच्या बाबतींत प्रत्यक्ष पाहिलें. माती त्याच्या हाताला अशी वश होती कीं आम्ही सर्व पाहत राहत असूं. दुपारच्या सुटींत उरलेल्या गोळ्यांतून तो बोलतां बोलतां वीतभर गणपति उभा करी. पोट, सोंड, मोदक, मुगुट, सर्व जागच्या जागीं. परंतु चौथऱ्यावरील तरुणाचा डावा खांदा त्यास तीन दिवस साधेना. तो प्रत्येक वेळीं वाटोळा, भरीव, सुंदर खांदा करी, आणि तो खांदा त्या तरुणाचा नसे. एकदां हताश होऊन तो आम्हांस म्हणाला, "सर, गणपति मला डोळे मिटून येतो. हा माणूस येत नाहीं."

मास्तरांनीं ऐकलें. ते म्हणाले, "अरे, डोळे मिटून येतो तें चांगलेंच आहे, तें सोडूं नकोस. आतां उघडून येतो का पाहा. त्याच्या अंगाभोंवतीं एक फेरी मारून ये." मुलगा उठला, चौथऱ्याभोंवतीं फिरला, पाठीमागें जाऊन खांद्याच्या पात्याकडे बराच वेळ पाहत राहिला, आणि परत येऊन त्यानें खांद्यावरील माती काढली नाहीं, पाठीवरची काढली. पातें मागें सरलें, तसा खांदा आपोआप जागेवर आला. चूक जेथें दिसत होती तेथें ती नव्हतीच.

आमची स्थिति ह्याच्या नेमकी उलट होती. त्या मुलाजवळ हात होता व पाहण्याची संवय नव्हती. आमच्याजवळ हातही नव्हता आणि पाहण्याची संवयही नव्हती, केवळ मत होतें. आठव्या दिवशीं आम्हीं त्यास विचारलें, आमच्या आकृतीचा गुडघा असा लांकडासारखा कां दिसतो? तो संकोचला, प्राध्यापकाची चूक काढावी कीं काढूं नये असें त्यास झालें. मग त्यानें आपल्या अंगठ्यानें गुडघ्याच्या आंतील बाजूस एकदांच दाबलें. तो दाब आम्ही अजून विसरलों नाहीं. चाळीस पानांचा निबंध लिहून जें आम्हांस साधलें नसतें तें त्या एका दाबांत होतें. आणि आम्ही त्यालाच, वर्गांत, 'तुटलेल्या परंपरेचा अवशेष' म्हणत आलों होतों!

नववा दिवस सांचा काढण्याचा. ज्यांनीं पुतळे फक्त चौकांत पाहिले आहेत त्यांना हा प्रकार विलक्षण वाटेल. मातीच्या आकृतीवर प्लॅस्टरचा पहिला पातळ थर देतात तो निळसर रंग घालून. त्यावर पांढऱ्या प्लॅस्टरचा जाड थर. सांचा घट्ट झाला कीं तो उघडून आंतील माती खरवडून काढावयाची. मग पोकळ सांचा धुऊन, तेल-साबण लावून, त्यांत नवें प्लॅस्टर ओतावयाचें, आणि तें घट्ट झाल्यावर बाहेरचा सांचा छिन्नीनें फोडावयाचा. निळा थर दिसूं लागला कीं हात हलका करावा, कारण त्याच्यापुढें मूर्ति आहे. त्या रंगाचा उपयोग एवढाच. अशा रीतीनें आधीं माती जाते, मग सांचा जातो, आणि जें उरतें त्यावर शिल्पकाराचा अंगठा प्रत्यक्ष कधीं टेकलेलाच नसतो. असतो तो केवळ त्याचा ठसा. आमची दहा दिवसांची माती अर्ध्या तासांत पुन्हा पिंपांत पडली, आणि दुसऱ्याच क्षणीं डॉक्टरांच्या, मुलाच्या व आमच्या मातींत कांहीं भेद उरला नाहीं.

पिंपापाशीं उभे असतां आम्हांस इनामगांवची आठवण झाली. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं असलेल्या ह्या ठिकाणीं डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून अनेक वर्षें उत्खनन केलें. तेथें एका घराच्या जमिनीखालीं मातीची एक झांकण असलेली पेटी सांपडली. तींत मातीची एक स्त्रीमूर्ति, आणि पेटीवर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ति व एक बैल. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या ह्या मूर्ति. पुढें सातवाहनांच्या काळांत तेर येथें दोन सांच्यांत दाबून केलेल्या सुबक मृण्मूर्ति मिळतात. ह्यांच्या मधल्या शतकांत, आणि नंतरच्याही, महाराष्ट्रांत किती मूर्ति घडल्या व विरघळल्या असतील! गणपतीचें तर विसर्जनच करावयाचें असतें. जी कला दरवर्षीं आपली कृति पाण्यांत सोडून मोकळी होते, तिनें इतिहासकारासाठीं काय शिल्लक ठेवावें? आम्हीं दगड पाहिला, कांसें पाहिलें, आणि जेथें तें दिसेनासें झालें तेथें परंपरा संपली असें लिहिलें. परंपरा मातींत चालू होती. आम्हांस ती दिसली नाहीं, ह्याचें कारण ती तुटली होती हें नव्हे. तिचा कागद नव्हता, हें होय.

येथें एक आक्षेप संभवतो आणि तो आम्ही स्वतःच घेतों. कलाशाळेनें कांहींच नुकसान केलें नाहीं काय? केलें. तिनें कारखान्यांतील मूर्तिकारास कारागीर व शाळेंतील पदवीधरास कलावंत असें निराळें बसविलें; एकाच्या कामास बक्षिसें व प्रदर्शनें लाभलीं, दुसऱ्याच्या कामास चतुर्थीचा बाजार. ही पंगत आजही मोडलेली नाहीं, आणि आमच्यासारख्यांच्या व्याख्यानांनीं ती पक्कीच केली आहे. शाळेनें हात परका केला नाहीं. पंक्तिभेद मात्र निर्माण केला. दोष द्यावयाचा तर ह्या गोष्टीचा द्यावा, आणि त्यांतील आपला वांटा कबूल करून द्यावा.

जूनमध्यें कॉलेज सुरू झालें तेव्हां आम्हीं जुन्या टिपणांतील चौथें वाक्य खोडलें. त्या जागीं नवें लिहिण्याचा प्रयत्न केला. परंतु प्रत्येक वाक्य वरून लाविलेल्या मातीसारखें फुगलेलें दिसूं लागलें, म्हणून शेवटीं सर्व टिपण उतरवून सांगाड्यापासून नव्यानें मांडलें. आतां त्याचा आरंभ १८५७ पासून न होता इनामगांवापासून होतो, आणि शेवट सासवने येथें. त्या दिवशीं तासाला आम्हीं आपली प्लॅस्टरची दीड फुटी आकृति टेबलावर ठेविली होती. मुलांनीं ती हातांत घेऊन फिरविली, कांहीं हंसले. तें रास्तच होतें. एकानें मात्र गुडघ्यापाशीं बोट ठेवून विचारलें कीं, सर, बाकी सर्व असें आणि एवढाच भाग असा जिवंत कसा? आम्हीं सांगितलें कीं तेवढा आमचा नाहीं. पेणकडील एका मूर्तिकाराचा आहे. मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें.